ग्रेडरकाका आणि साल 2011

वणीत भाव विचारायचा असेल तर बाजार समितीत जावं आणि साल विचारायचं असेल तर ग्रेडरकाकांकडे. बाजार समिती निदान पोळ्याला बंद असते.

तूर कशी आहे, असं विचारलं तर साधी माणसं चांगली, बरी, महाग यांपैकी काहीतरी सांगून मोकळी होतात. काका दोन दाणे तळहातावर घेतात, अंगठ्याने फिरवतात, एक दाताखाली फोडतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "साल बरं आहे. जाहीर करण्यासारखं नाही." आंब्याचं लोणचं, नगरपालिकेचे मुख्याधिकारी, रंगनाथस्वामींची जत्रा, शेजारच्यांचा जावई, सगळ्यांना हाच न्याय. "जावई 2008 चा. त्या वर्षी एकंदरीत मालच दमट होता," असं त्यांनी एकदा भर पंगतीत सांगितलं आणि जावयाने मठ्ठ्याचा पेला खाली ठेवला.

सालं मोजणारी माणसं गावोगाव असतात. गेलेलं प्रत्येक वर्ष त्यांना तोंडपाठ असतं आणि चालू वर्ष पसंत नसतं. काका त्यांच्यातलेच, पण एक पाऊल पुढे. वर्ष नापसंत करण्याचा त्यांनी पगार घेतलेला आहे.

1972 साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्याने कापूस खासगी व्यापाऱ्याला विकायचा नाही, सरकारी योजनेच्या केंद्रावर आणायचा, असा तो प्रकार. काका पुढे त्यात ग्रेडर म्हणून लागले. दिवाळीनंतर केंद्राबाहेर बंड्यांची रांग लागायची. रात्र रात्र मुक्काम पडायचा. बैल रवंथ करत बसायचे, मालक तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजायचे आणि सकाळी काका यायचे. बंडीवर चढून वरचा पांढराशुभ्र थर बाजूला सारायचे, कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि पोटातला मूठभर कापूस बाहेर काढायचे. "वरचा कापूस मालकाचा असते, आतला सालाचा," हे त्यांचं तेव्हापासूनचं वाक्य.

मग त्या मुठीतला धागा दोन्ही चिमटींत धरून ताणायचा. लांबी नजरेने मापायची. कवडी किती, काडीकचरा किती, वजन वाढावं म्हणून रात्री पाणी मारलंय का, हे बोटांना विचारायचं. त्या मूठभर कापसात काकांना अख्खा हंगाम दिसायचा. जूनमध्ये पेरणी साधली की दुबार झाली, ऑगस्टात पावसाने किती दिवस डोळे वटारले, पात्या कधी गळल्या, फुटलेल्या बोंडांवर परतीचा पाऊस पडला की सीतादही होऊन पहिली वेचणी कोरडी घरात आली. एवढं सगळं वाचून झाल्यावर ते एकच शब्द बोलायचे. ग्रेड. चिठ्ठी फाटायची. पुढची बंडी.

योजना मोडली, खासगी खरेदी आली, काका निवृत्त झाले. हाताला मात्र निवृत्तीचा कागद कोणी दिला नाही. भाजीवाल्याच्या टोपलीतही तो आधी तळाशी जातो.

अशा माणसाच्या आयुष्यात व्हिंटेज पोर्ट आली, म्हणजे पोर्तुगालची, एकाच जाहीर सालाच्या द्राक्षांची गोड, कडक वाइन.

काकांचा भाचा लंडनला असतो. मामाला काहीतरी भारी द्यावं म्हणून त्याने आधी पोर्टवरचं एक जाडजूड पुस्तक पाठवलं. ते वणीत पोचलं, पण नाशिक जिल्ह्यातल्या वणीत. दिंडोरी तालुक्यातली ती वणी सप्तशृंगीच्या पायथ्याची, चहूकडे द्राक्षाचे मळे. पुस्तक तिथे राहून, हवापाणी बघून सावकाश यवतमाळ जिल्ह्यात आलं. काका कुरिअरवाल्यावर तापले, तेव्हा काकांच्या ओट्यावर बसणाऱ्यांतला एक जण म्हणाला, "द्राक्षाचं पुस्तक द्राक्षाच्या वणीत गेलं, यात त्याचं काय चुकलं? आपल्या वणीत कोळशाचं पुस्तक बरोबर येते."

बाटली आणण्याची वेळ आली तेव्हा काकांनी नकाशा पुढ्यात घेतला. 2016 चा डिसेंबर होता. भाचा म्हणाला, "मामा, मी नागपूरला उतरतो. तिथून गाडीनं अडीच-तीन तास."

"नागपूर जवळ आहे," काका म्हणाले, "पण मध्ये गांधीजी आहेत."

खरंच होतं. नागपूरहून वणीला येणारा रस्ता जामपाशी वर्धा जिल्ह्यातून जातो आणि वर्ध्यात 1975 पासून दारूबंदी. पुढे वरोरा, म्हणजे चंद्रपूर जिल्हा. तिथे 1 एप्रिल 2015 पासून बंदी लागलेली, ती उठायला 2021 उजाडलं. मधल्या काळात वर्धा नदीच्या अलीकडची आमची वणी पलीकडच्यांना कधी नव्हे इतकी आवडू लागली होती. हे सगळं जमेस धरून काकांनी भाच्याला हैदराबादला उतरवलं. तिथून आदिलाबाद, पैनगंगेचा पूल, पाटणबोरी, पांढरकवडा, करंजी आणि वणी. दिवसभराचा प्रवास, पण सगळा ओल्या मुलखातून. काकांनी स्वतःचा आजीवन परवानाही काढून ठेवला होता. एका बाटलीसाठी आजन्म परवाना काढणारा इसम त्या कार्यालयाने पूर्वी पाहिला नसावा.

भाचा दमून उतरला तर काकांनी त्याला पाणी देण्याऐवजी 1861 सालची गोष्ट सांगितली. पोर्ट जिथे बनते त्या दोउरू नदीतून पूर्वी पिंपं सपाट बुडाच्या होड्यांमधून समुद्राकडे जायची आणि नदीत जागोजागी धबाबा कोसळणारं पाणी. वालेइरा नावाच्या ठिकाणी होडी उलटून बॅरन फॉरेस्टर बुडाले. पोर्टच्या व्यापारातलं ते केवढं मोठं नाव; दोउरूचा नकाशा त्यांनीच काढलेला. कमरेच्या पट्ट्यातल्या सोन्याने त्यांना खाली ओढलं, असं सांगतात. त्याच होडीतल्या दोना आंतोनिया फरेरा मात्र घेरदार झग्यामुळे तरंगल्या आणि वाचल्या. "तेव्हा तू काय कष्ट सांगून राहिला मले?" काका म्हणाले. भाच्याने बाटली ठेवली आणि काकूंकडे पाणी मागितलं.

2011 ची व्हिंटेज पोर्ट. आता ठेवायची कुठे? पुस्तकात लिहिलेलं, अंधारी जागा, 12-14 अंश तापमान, बाटली आडवी. वणीत मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. 12 अंश आम्ही स्वेटर घालून वर्षातून चार पहाटे बघतो. फ्रिजला काकांचा विरोध, कारण फ्रिज थरथरतो. देवघराच्या फडताळाला काकूंचा विरोध, कारण देव थरथरतील. शेवटी स्वयंपाकघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातल्या रांजणाखालच्या ओल्या रेतीत बाटली आडवी पुरली गेली. जुन्या पोर्टच्या बाटल्यांची लेबलं तळघरात कुजायची, म्हणून वरच्या बाजूला चुन्याचा फटकारा मारत. बाटली हलवली तरी पुन्हा तीच बाजू वर ठेवायची, म्हणजे गाळ बसल्या जागी राहतो. हे वाचल्यावर काकांचा ऊर भरून आला. चुना तर आमच्या राजूरचा! त्यांनी राजूरच्या भट्टीची कळी आणून विरवली आणि बाटलीवर स्वतःच्या हाताने ठिपका दिला. रोज संध्याकाळी रेतीवर पाणी शिंपडण्याचं काम काकूंकडे. "लग्नानंतर माझ्या नशिबी पहिल्यांदाच पोर्तुगालची सेवा आली," असं त्या म्हणतात.

आणि मग ओट्यावर रोज संध्याकाळी पोर्टपुराण सुरू झालं. गोव्याच्या सहलीत स्वस्त, गोड पोर्ट वाइन चाखलेले दोघे-तिघे आधी तज्ज्ञ म्हणून पुढे बसले होते. काकांनी त्यांना मागे पाठवलं. दोउरूच्या खोऱ्यात पिकते आणि तिथल्या नियमाने बनते तीच पोर्ट, बाकी गोड लाल पाणी.

"दोउरूचा काठ म्हणजे उभा डोंगर," काका सांगत, "अन् डोंगराले पायऱ्या-पायऱ्यांचे बांध. माती म्हणाल तं नावाले. शिस्ट म्हणून पापुद्र्यांचा दगड असते, तो उभा चिरते. त्या चिरांतून मुळं खोल जातात पाण्याच्या मागे. दिवसा दगड तापते, रात्री ऊब सोडते. पश्चिमेचे ढग मारांवचा डोंगर अडवते. पलीकडे स्पेनच्या बाजूले गेलं का पाऊस कुठंकुठं 400 मिलिमीटर. अन् जुन्या वेली साऱ्या कोरडवाहू!"

'कोरडवाहू' ऐकल्यावर ओटा सावरून बसला. तोवर तो परदेश होता.

"तिथले लोक म्हणतात, आमच्याकडे नऊ महिने हिवाळा अन् तीन महिने नरक."

"आपल्याकडे नरक नऊ महिने," एक जण म्हणाला, "अन् हिवाळा नागपूरच्या अधिवेशनापुरता."

काकांना सगळ्यात जवळचा वाटला तो मार्किस ऑफ पोंबाल. त्याने 1756 साली दोउरूची हद्द आखली. हद्दीबाहेरचा माल पोर्ट म्हणून विकायचा नाही. वाइनला रंग यावा म्हणून लोक एल्डर नावाच्या झाडाची काळी फळं पिळून मिसळत, तर याने त्या भागातली ती झाडंच उपटायला लावली. "पाणी मारलेला कापूस पकडणारे लई पाह्यले," काका म्हणाले, "पण विहीरच बुजवणारा हा एकटा. माणूस ग्रेडर होता!" पुढे विसाव्या शतकात तिथे मळ्यांनाच ग्रेड लागली. उंची, उतार, दगड, वेलींचं वय असे गुण देऊन 'ए' ते 'एफ', आणि त्या ग्रेडवर ठरतं की कोणी किती रसाची पोर्ट करायची. हे सांगताना काकांचा आवाज कापरा झाला. बंडीला ग्रेड लावण्यात आयुष्य गेलं. शेतालाच ग्रेड लावता येते, हे कोणी वेळेवर सांगितलं नाही.

मग 2011 चा हंगाम. तो काका अशा तपशिलाने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या वर्षी हे रोज सकाळी छत्री घेऊन दोउरूच्या बांधावर जात होते. आधीच्या हिवाळ्यात पाऊस चांगला झाला, दगडांच्या पोटात पाणी मुरलं. वसंतापासून कोरड. जूनच्या शेवटी अशी उष्णतेची लाट आली की काही मळ्यांत घड वेलीवरच करपले. जे उरले ते तगून राहिले. मग ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एक सर आणि सप्टेंबर लागता लागता दुसरी. बस्स, तेवढीच. त्यानंतर तोडणी संपेपर्यंत आभाळ स्वच्छ.

"म्हणजे पाऊस बोंडं भरताना आला," ओट्याने हिशेब जुळवला, "अन् वेचणीले आला नाही."

"तेच तं!" काका मांडीवर थाप मारून म्हणाले. "साल तिथंच ठरते. बाकी माणसाची हमाली."

ती हमालीही काका रंगवून सांगतात. लागार म्हणजे ग्रॅनाइट दगडाचे रुंद, उथळ हौद. त्यांत द्राक्षं ओततात आणि माणसं मांडीपर्यंत उतरतात. आधी दोन तास शिस्तीचं काम. खांद्याला खांदा लावून रांगा, एक जण एक-दोन, एक-दोन पुकारणार आणि रांग इंचाइंचाने पुढे सरकणार. मग मोकळीक जाहीर होते, अकॉर्डियन वाजतो आणि त्याच हौदात नाच सुरू. कष्ट कशासाठी? तर पोर्टचा रस आंबायला दोन-तीनच दिवस मिळतात. तेवढ्यात सालीतला रंग आणि तुरटपणा रसात उतरला पाहिजे आणि बी मात्र फुटता कामा नये, नाहीतर कडवटपणा येतो. तळपाय मऊ असतो, तो साल चिरडतो, बी सोडतो. आता यंत्राचे पायही निघालेत, पण नावाजलेल्या कित्येक मळ्यांत अजून माणसं उतरतात.

"पाय धुऊन?" काकूंनी आतून विचारलं.

काकांनी पुस्तक चाळलं. त्या पानावर खूण करून ठेवली.

दोन-तीनच दिवस का, याचं उत्तर मात्र काकांच्या आधी ओट्याच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्याने दिलं. मारेगावकडचा जुना सालगडी, मोहाखाली लहानाचा मोठा झालेला. तो इतके दिवस गप्प ऐकत होता.

"आमच्याकडं मोहफुलं चैतात पहाटंच पडते," तो म्हणाला. "वाळवाची, भिजवाची, आंबू द्याची. गोडी सारी सरू द्या लागते, तवा भट्टी. तुमचं पानी गोड रायते म्हन्ता, तं कोनी तरी मधातच थांबवत असन."

काका उठून उभे राहिले. चाळीस पानांचं सार म्हाताऱ्याने एका वाक्यात ठेवलं होतं. द्राक्षातली साखर निम्मीअर्धी उरली असतानाच रस काढून त्यात द्राक्षाचीच जहाल दारू ओततात, 77 टक्क्यांच्या आसपासची. 550 लिटरच्या पिंपाला साधारण 435 लिटर रस आणि 115 लिटर ती. त्या धक्क्याने आंबवणारं किण्व मरतं, गोडी राहते आणि मद्य 20 टक्क्यांवर स्थिरावतं.

"दारू थांबवाले दारूच," म्हातारा म्हणाला. "गावात हे कोनाले जमलं नाही." आणि विडी पेटवून पुन्हा गप्प झाला. काकांनी त्या रात्री त्याला ग्रेड दिली: सुपर. सेवाकाळात ही ग्रेड फार थोड्या बंड्यांना मिळाली होती.

एवढं करूनही ती व्हिंटेज पोर्ट होत नाही, इथे काकांचा खरा विषय सुरू होतो. दोन हिवाळे ती लाकडी पिंपांत राहते. मग पोर्टची पेढी ठरवते की हे साल जाहीर करायचं की नाही. जाहीर करायचं तर नमुने पोर्तोच्या सरकारी संस्थेकडे जातात, तिथले चाखणारे मंजुरी देतात आणि तिसऱ्या वर्षाच्या आत न गाळता बाटलीत भरतात. उरलेलं म्हातारपण बाटलीत. पुष्कळ इंग्रजी पेढ्या ही घोषणा सेंट जॉर्जच्या दिवशी, 23 एप्रिलला करतात. दहा वर्षांत तीनेक सालं जाहीर झाली तर झाली. बाकीच्या सालांचा माल दुसऱ्या नावांनी विकला जातो. पेढीने तोंड उघडलं नाही की ते साल झालंच नाही.

हे वाचलं आणि काकांना आयुष्याचं राहिलेलं कार्य सापडलं. दर 23 एप्रिलला ते ओट्यावर वणीचं साल जाहीर करतात, किंवा करत नाहीत. कूलर लावलेला असतो, काकू पन्हं देतात. काका टोपी घालून उभे राहतात, दोन वर्षांपूर्वीच्या सालाचा पाऊस, कापूस, तूर, कोळशाची धूळ, गेलेली माणसं, झालेली लग्नं यांचा आढावा घेतात आणि शेवटी म्हणतात, "जाहीर नाही." लोक हळहळतात आणि पन्हं संपवतात.

यातून भानगडी होऊ लागल्या. ज्यांच्या घरी त्या साली लग्न झालं होतं त्यांना अपमान वाटे. एका नगरसेवकाने आपण निवडून आलेलं साल जाहीर व्हावं म्हणून ओट्यावर फरशी बसवून देण्याची तयारी दाखवली. काका म्हणाले, "फरशी बसवा. पण हात मी आतूनच घालीन." फरशी आली नाही. एकाने अक्कल चालवली, "काका, लोकनायक बापूजी अणे वणीत जन्मले ते 1880. ते तरी जाहीर करा." काकांनी खूप विचार केला आणि ते साल मागील तारखेने जाहीर केलं. आजवर वणीचं तेवढंच एक.

बाटली उघडण्याच्या दिवसाची तयारी मात्र चोख आहे. इतक्या वर्षांचा गाळ तळाशी बसतो, म्हणून ती एका दमात, हात न हलवता, दुसऱ्या भांड्यात ओतायची. बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती धरायची आणि गाळाची पहिली रेघ दिसली की थांबायचं. याची रंगीत तालीम काका लाल अंबाडीच्या सरबताने घेतात. सरबत चार दिवस मुरवतात, निवळू देतात, दिवे घालवतात. ओतताना श्वास रोखतात आणि पाहुण्यांनाही रोखायला लावतात. मग ते भांडं फिरतं. पोर्ट डावीकडे द्यायची असते, असा इंग्रजांचा दंडक. काकूंनी ठाम सांगितलं, "डाव्या हाताने या घरात कोणाला काही दिलं जाणार नाही." काकांनी कागदावर वर्तुळ काढून दाखवलं की हात उजवा ठेवला तरी भांडं डावीकडच्या माणसाकडे जाऊ शकतं आणि वरून पाहिलं तर ती प्रदक्षिणेचीच दिशा. काकू म्हणाल्या, "बाटलीची प्रदक्षिणा! हेच राहिलं होतं."

भांडं कोणी अडवून बसला तर त्याला 'द्या की इकडे' म्हणायचं नाही. इंग्रज विचारतो, "आपण नॉर्विचच्या बिशपना ओळखता का?" समजणाऱ्याने समजावं. काकांनी हा प्रश्न सरबत अडवून बसलेल्या एका निवृत्त मास्तरांना विचारला. मास्तर प्रामाणिक माणूस. "नाही जी," ते म्हणाले. "कोणत्या बँकेत होते?"

या सगळ्या थट्टेत काका एका सालाला हात लावू देत नाहीत. 2019 च्या वसंतात बातमी आली की पोर्टच्या मोठमोठ्या पेढ्यांनी 2016 च्या पाठोपाठ 2017 ही जाहीर केलं. लागोपाठ दोन सालं पूर्णांशाने जाहीर करणं त्यांच्यातल्या काहींच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं. 2017 ला दोउरूत कडाक्याचं ऊन, जवळपास पाऊस नाही, द्राक्षं इतकी लवकर पिकली की तोडणी ऑगस्टातच सुरू झाली. भाच्याने फोनवर उत्साहाने सांगितलं. काका नुसतं "हं" म्हणाले.

आमच्या जिल्ह्याचं 2017 असं: कापसावर गुलाबी बोंडअळी पडली, बोंडं आतून पोखरली गेली. त्याआधी पावसाळ्यात उंच वाढलेल्या पराटीत फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या हंगामात काका सवयीने एका जिनिंगच्या आवारात गेले होते. कोणाच्या तरी गाडीत त्यांनी हात घातला, मूठ बाहेर काढली, धागा ताणला नाही. कापूस परत ठेवला आणि घरी आले.

पुढे कधीतरी ओट्यावर कोणी नसताना त्यांनी मला 1931 ची गोष्ट सांगितली. त्या साली दोउरूत माल अप्रतिम झाला होता. पण जगभर मंदी होती, 1927 चा जाहीर केलेला माल अजून गोदामांत पडून होता. बहुतेक पेढ्यांनी 1931 जाहीरच केलं नाही. किंता दो नोव्हालसारख्या मोजक्यांनी केलं आणि ती बाटली पुढे दंतकथा झाली.

"पाहा," काका म्हणाले. "साल चांगलं असूनही ते नाही म्हणू शकत होते. भाव नाही, ठेवून द्या. अन् साल वाईट असलं तरी नाही म्हणू शकतात. दुसऱ्या नावानं विका. माझ्यासमोर जो बंडी घेऊन उभा राहे त्याले नाही म्हणताच येत नव्हतं. जे पिकलं ते त्याच्या नावावर. कवडी निघाली तरी त्याचंच साल, अन् सावकाराकडं त्याच सालाचं व्याज. मी रोज शंभर माणसांचं साल जाहीर केलं. त्यायले विचारलं नाही का, करू का म्हणून."

मला काही बोलायला सुचलं नाही, तेव्हा काकांनीच विषय मोडला. "म्हणून मी आता जाहीर करत नाही. कोणाचंच. फुकटात मिळते तेवढी पेढी चालवून राहिलो."

म्हणजे 23 एप्रिलचा तो सारा तमाशा नकार देण्यासाठीच होता, हे मला तेव्हा कळलं. आमच्या गावात साल नाकारणारी एकच पेढी आहे आणि तिचं भांडवल एक ओटा, एक कूलर आणि काकूंचं पन्हं.

परवा भाच्याचा फोन आला. त्याचं म्हणणं, 2011 ची बाटली आता उघडायला हरकत नाही. पंधरा वर्षं पुष्कळ झाली. काकांनी फोन स्पीकरवर टाकला, म्हणजे ओट्यालाही ऐकू जावं.

"इतक्यात? पोरगं आहे ते," काका म्हणाले. "तुरटपणा अजून जिरला नसन. 2041 च्या आधी हात लावाचा नाही."

"मामा, 2041 ला तुम्ही नव्वदीच्या पुढे असाल."

"असेन तं असेन."

"आणि नसलात तर? मग कोण पिणार?"

ओटा कान टवकारून बसला. आतून रेतीवर पाणी शिंपडल्याचा आवाज आला, पाठोपाठ काकूंचा, "मी पिईन. इतकी वर्षं पाणी मी घातलं."

काका हसले. "ऐकलं?" ते फोनमध्ये म्हणाले. "गिऱ्हाईक पक्कं आहे. अन् ग्रेडरनं कधी कापूस पांघरला का रे? ग्रेड लावाची, चिठ्ठी फाडाची, पुढची बंडी घ्याची. ठेव फोन."